डोलखुर्चीतला मॅनेजर

आमच्याकडे मॅच लागली की बाबा सोफ्यावर नसतात, मैदानात असतात. "अरे, मिडऑफ मागे घे! कुणी सांगत नाही का याला?" टीव्हीतला कॅप्टन अर्थातच ढिम्म. आई स्वयंपाकघरातून म्हणते, "फोन करा की त्याला."

अशा बाबांचं ऐकणारा एक मालक अमेरिकेत होऊन गेला, बिल वेक. १९५१ साली त्याने सेंट लुईस ब्राउन्स ही बेसबॉलची टीम घेतली. हरणं तिच्या अंगवळणी पडलेलं. २४ ऑगस्टला वेकने ती सरळ प्रेक्षकांच्या हवाली केली. स्टँडमधल्या लोकांना पाट्या वाटल्या, एका बाजूला 'हो', दुसऱ्या बाजूला 'नाही'. खरा मॅनेजर झॅक टेलर घरातल्या सपाता घालून, पाईप ओढत, डोलखुर्चीत झुलत बसला. पहिल्याच इनिंगमध्ये तीन रन गेले. पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, बदलायचा? पाट्या वर: नाही! आणि ब्राउन्स ५-३ ने जिंकले. हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर घरात राहणं मुश्कील होईल.

त्याच्या पाचच दिवस आधी याच वेकने तीन फूट सात इंचांच्या एडी गेडेलला बॅट देऊन उभं केलं होतं, पाठीवर नंबर १/८. एवढ्याशा माणसाला नेमका बॉल टाकायचा कुठे? चारही बॉल वरून गेले, आणि असे चार बॉल चुकले की नियमाने गडी फुकटात पहिल्या बेसवर. हा विनोद आज मला जरा टोचतो.

पण वेक नुसता गमत्या नव्हता. १९४७ साली लॅरी डोबीला क्लीव्हलँडच्या आपल्या तेव्हाच्या टीममध्ये आणून बेसबॉलच्या दोन मोठ्या लीगपैकी अमेरिकन लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू त्यानेच खेळवला, आणि पुढच्याच वर्षी ती टीम वर्ल्ड सिरीज, म्हणजे तिथली फायनल, जिंकली. महायुद्धात जायबंदी झालेला पाय पुढे कापावा लागला, तर पठ्ठ्याने लाकडी पायाला भोक पाडून त्याचाच ॲशट्रे केला. इतर मालकांना तो डोळ्यासमोर नको असायचा. गळ्यात टाय नाही, आणि गप्पा मारायला जाऊन बसणार कुठे, तर प्रेक्षकांत.

१९८१ मध्ये शेवटची टीम विकल्यावर तो शिकागोच्या रिग्ली फील्डवर स्वस्तातल्या बाकांवर उन्हात बसायला लागला, बऱ्याचदा उघड्या अंगाने. समोरच्या भिंतीवर हिरवीगार वेल पसरलेली. १९३७ साली, तरुणपणी तिथे नोकरीला असताना, ती त्यानेच लावली होती.