तुम्ही विचारलंत म्हणून: व्हिसा देणारी नोकरी आणि एक रद्द केलेलं तिकीट

अमेरिकेतून सांगलीला आले की दोन-तीन दिवसांत फोन सुरू होतात. बहुतेक मिरजेच्या मेडिकल कॉलेजातली मुलं-मुली. कुणाचे वडील आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, ओळखीचे असतात, तर कुणी थेट गावभागातल्या घरी येऊन जिन्यात चपला काढतं. प्रश्न एकच: "मॅडम, फेलोशिपनंतर व्हिसा देणारी नोकरी तुम्हाला मिळाली कशी?" आजवर मी दहा मिनिटांत उत्तर देऊन मोकळी व्हायचे. ते उत्तर खोटं नव्हतं, अर्धं होतं. या खेपेला सगळं लिहून काढते.

स्टेपच्या परीक्षा, हॉस्पिटल ठरवणारं मॅच, रेसिडेन्सी आणि फेलोशिपचं ट्रेनिंग, हे तुम्हाला माझ्याहून ताजं माहीत आहे, ते सोडते. जे-१ या ट्रेनिंगच्या व्हिसावर गेलेल्या डॉक्टरने ट्रेनिंग संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहायचं, ही अटही तुम्हाला पाठ असते. विसरता ते त्या जे-१ साठी दिल्लीहून मिळवलेलं पत्र. आपलं आरोग्य मंत्रालय त्यात लिहून देतं की या विषयातल्या तज्ज्ञांची देशाला गरज आहे आणि या डॉक्टरने परत येण्याची लेखी हमी दिलेली आहे. माझा विषय किडनीचा. गरज खरीच होती. इंटर्न असताना जतहून एस.टी.ने डायलिसिसला येणारी माणसं मी पाहिली होती. अंधारात निघायची आणि अंधारातच घरी पोचायची. हमीवर सही केली तेव्हा मला परत यायचंच होतं. हे आता कुणाला पटत नाही, पण तसं होतं.

पुढे विचार बदलला. त्याचं एक कारण सांगता येत नाही. नवऱ्याचं काम होतं, डोक्यावर कर्ज होतं, आणि खरं सांगायचं तर तिथे ज्या पद्धतीने पेशंट बघायला मिळत होते ती पद्धत सोडवत नव्हती. मग ती दोन वर्षांची अट माफ करून घेणं आलं. त्याची रुळलेली वाट म्हणजे कॉनरॅड योजना. नॉर्थ डकोटाचे सिनेटर केंट कॉनरॅड यांच्या नावाने १९९४ साली ती सुरू झाली. तेव्हा प्रत्येक राज्याला वर्षाला २० जागा होत्या, आता ३० आहेत. जिथे डॉक्टर मिळत नाहीत अशा, सरकारी यादीतल्या भागात तीन वर्षं, आठवड्याला ४० तास काम करायचं, तेही एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. आधी राज्य शिफारस करतं, मग अमेरिकेचं परराष्ट्र खातं, शेवटी इमिग्रेशन खातं मंजुरी देतं. मंजुरीनंतर ९० दिवसांत कामावर हजर व्हायचं.

योजनेचं वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि मोठ्या राज्यांतल्या जागा लवकर संपतात. म्हणून दोन वर्षांच्या फेलोशिपचं पहिलं वर्ष संपायच्या आत शोधाला लागा. काही राज्यं फॅमिली मेडिसिन, इंटर्नल मेडिसिनवाल्यांना आधी घेतात आणि तज्ज्ञांना उरलेल्यात, तेव्हा प्रत्येक राज्याचे नियम स्वतः वाचा. ३० पैकी १० जागा यादीबाहेरच्या हॉस्पिटललाही देता येतात, मात्र यादीतल्या भागातले पेशंट तिथे येत असले पाहिजेत. मोठ्या शहराची आशा असेल तर ती त्या दहांमध्ये. जाहिरातीत व्हिसाचा उल्लेख नसला तरी फोन करा, कारण लहान हॉस्पिटलला कधी कधी आपला भाग यादीत आहे हेच माहीत नसतं. आणि आपण जे-१ वर आहोत हे पहिल्याच फोनवर सांगा. एका हॉस्पिटलने मला तीन मुलाखतींनंतर, घरं दाखवून झाल्यावर, 'आम्ही व्हिसाच्या भानगडीत पडत नाही' असं कळवलं. त्या तीन आठवड्यांत दुसऱ्या दोन जागा गेल्या. एच-१बीची फी मालकाने भरायची असते, तुमच्याकडून मागितली तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका. मी साठाहून जास्त ईमेल पाठवले, अकरा उत्तरं आली, कागदापर्यंत दोन पोचली. त्यातली एक घेतली. चहूबाजूंनी मका असलेली एक काउंटी, जिथले पेशंट माझ्याआधी किडनीच्या डॉक्टरसाठी दीड तास गाडी चालवत जायचे.

इथवरचं मी नेहमी सांगते. इथून पुढचं आत्या विचारते. तिचा प्रश्न वेगळा वाटतो, पण तुमच्या प्रश्नाचाच तो उरलेला भाग आहे. ती विचारते, "आबाचा पाय गेला तेव्हा तू का आली नाहीस गं?" आणि मी सांगत आले, "आत्या, व्हिसाने अडवलं."

जुलै २०१९ मध्ये मी कामावर रुजू झाले. एच-१बी मंजूर होता, पण तो कागदावर. पासपोर्टवर शिक्का जुन्या जे-१ चा, मुदत संपलेला. अमेरिकेत राहायला आणि काम करायला मंजुरीचा कागद पुरतो. बाहेर पडलात तर परत शिरायला शिक्का लागतो, आणि तो बाहेरच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून घ्यावा लागतो, माझ्या बाबतीत मुंबईच्या. हा फरक नीट समजून घ्या, नोकरी शोधताना तो कुणी सांगत नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात कृष्णा चढली. आईचा फोन आला तेव्हा माझ्याकडे रात्रीचे दहा वाजले होते, सांगलीत सकाळचे साडेआठ. आमच्या जिन्याच्या भिंतीवर २००५ च्या पाण्याची खूण आहे, तेलरंगाची आडवी रेघ. आबा म्हणत होते, त्या रेघेच्या वर काही यायचं नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथे धोक्याची पातळीच ४५ फुटांची. ती रेघ बुडाली. आई-आबा वरच्या मजल्यावर, वीज नाही. इन्सुलिन फ्रीजमध्ये होतं. मी आईला ते काढून ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवायला सांगितलं. फोनची बॅटरी राहावी म्हणून दिवसातून दोनदाच बोलायचं ठरलं. आबा खालून तांदळाचं पोतं आणि माझ्या सर्टिफिकेटांची पत्र्याची पेटी वर आणायला गुडघाभर पाण्यात उतरले होते, हे मला नंतर कळलं. पेटीचा कोपरा पायाला लागला. वीस वर्षांचा डायबेटिस, तळपायाला संवेदना नाही. त्यांना कळलंसुद्धा नाही.

चौथ्या दिवशी बोटीने बाहेर काढलं. ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं काढणारी बोट उलटल्याची बातमी त्याच दिवशी आली होती, त्यामुळे आई बोटीत बसायला तयार होईना. विश्रामबागेत आत्याकडे पोचल्यावर चुलतभावाने पायाचा फोटो पाठवला. करंगळीशेजारी काळा डाग, भोवती सूज, घोट्यापर्यंत चकचकीत झालेली कातडी. मी दोन पेशंटच्या मध्ये कॉरिडॉरमध्ये उभी होते. फोटो मोठा करून पाहिला आणि मला सगळं कळलं.

तिकीट मी त्याच रात्री काढलं. बॅग भरली. पासपोर्ट जेवणाच्या टेबलावर ठेवला. सकाळी वकिलाला फोन केला. तो म्हणाला, जायला कायद्याची हरकत नाही. शिक्का आठवड्यात मिळेल किंवा तपासणीत अडकून काही महिने लागतील, आधी सांगता येत नाही. तोवर तीन वर्षांची मोजणी थांबेल, हॉस्पिटल किती थांबेल ते हॉस्पिटलला विचारा. हॉस्पिटलच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "वडील आहेत, जा. आम्ही बघू." नीट वाचा. मला कुणीही अडवलं नव्हतं.

पुढचा सगळा दिवस मी हिशेब करत बसले. संध्याकाळी तिकीट रद्द केलं. दोन दिवसांनी मिरजेतून सर्जनचा फोन आला: विष वर चढतंय, गुडघ्याखालून काढावा लागेल, तुम्ही डॉक्टर आहात म्हणून विचारतो. मी "करा" म्हटलं. आबांना आत नेलं तेव्हा मी डायलिसिसच्या राउंडवर होते.

तेव्हाची मी म्हणायची, जाऊन काय केलं असतंस? विमान, मुंबई, पुण्याहून पुढे जिथेतिथे बंद रस्ते. पोचेपर्यंत पाय गेलेलाच असता. सर्जन चांगले, भाऊ तिथे, आणि इथे आठवड्यातून तीनदा खुर्चीवर बसणारे पेशंट, ज्यांना बघायला दुसरं कुणी नाही. यातला एकही शब्द चूक नाही, आजही नाही. पण मी गेले नाही ती पेशंटसाठी नाही, पायाचं ठरलेलं होतं म्हणूनही नाही. शिक्का अडकला तर सगळं हातचं जाईल, या भीतीने गेले नाही. आत्याला 'व्हिसाने अडवलं' म्हटलं की त्या वाक्यात मी कुठेच नसते. म्हणून ते मला सहा वर्षं पुरलं.

मग कोविड आला, कॉन्सुलेट बंद. मी आबांना प्रत्यक्ष पाहिलं ते डिसेंबर २०२१ मध्ये. जयपूर फूट लावून ते जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्याच खेपेला मुंबईत शिक्क्याला गेले. काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने कुठे काम करतेस, कसले पेशंट बघतेस, एवढंच विचारलं. पाच मिनिटंही लागली नसतील. पासपोर्ट त्याच आठवड्यात हातात. २०१९ मध्येही असंच झालं असतं असं मी म्हणत नाही. झालं नसतं, असंही मला म्हणता येत नाही.

तीन वर्षं २०२२ मध्ये पुरी झाली. मी अजून त्याच काउंटीत आहे. ग्रीन कार्डाची भारतीयांची रांग दहा वर्षांच्या पुढची, आणि ती नसती तरी परत आले असते का, याचं उत्तर माझं दर वर्षी बदलतं. जतहून एस.टी.ने येणारी माणसं आठवतात. ती आठवण खरी आहे आणि तिच्या जोरावर मी काहीही केलेलं नाही, हेही खरं आहे. लिहून दिलेल्या हमीची सरकारने कधी विचारणा केली नाही. तुम्हाला मात्र सप्टेंबर २०२५ ची घोषणा माहीत असू द्या: परदेशातून नव्याने एच-१बीवर माणूस आणायचा तर मालकावर एक लाख डॉलरची फी. लहान हॉस्पिटलं आता कोणाला हो म्हणतील ते आधी विचारा, मग वकिलाचे पैसे भरा.

उद्या चार वाजता मिरजेचा एकजण त्याचं काँट्रॅक्ट घेऊन येतोय. तीन वर्षं, चाळीस तास, सोडून गेल्यास दंड, ही पानं मी त्याच्यासोबत बघेन. ज्या पानावर काहीच लिहिलेलं नसतं त्याबद्दलही विचारेन: घरून फोन आला तर काय करायचं ठरवलंयस? आबा म्हणाले, पोराला वर बोलाव, खाली ओल आहे.