बेचाळीस बटनं आणि एकच तोंड

जूनचा शेवटचा आठवडा म्हणजे आमच्याकडे दाखल्यांचा सीझन, उत्पन्नाचा, डोमिसाइल, नॉन क्रिमीलेयर, सगळं एकदम लागतं कारण अॅडमिशन तोंडावर असतात आणि पाऊस पण तेव्हाच कोसळतो. देवगडच्या अलीकडे एका गावात तात्यांचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे, त्यांना मी एक छोटं डेस्कटॉप अॅप करून दिलं होतं. काम एकदम साधं, रोज लागणाऱ्या ४२ साइटची ४२ बटनं, बटन दाबलं की ती साइट उघडणार. तात्यांना इंग्लिश पत्ते टाइप करायचा कंटाळा, ते चित्रावरून ओळखतात, म्हणून प्रत्येक बटनावर त्या त्या साइटचा आयकॉन, म्हणजे ब्राउझरच्या टॅबवर दिसतो तोच, ज्याला फॅविकॉन म्हणतात. आधी खाली नावं पण होती, पण तात्या म्हणाले जागा खातात, मग नाव फक्त माउस वर नेला की दिसेल असं केलं. हे लक्षात ठेवा, पुढे हेच नडलं.

आता आयकॉन आणायचा म्हणजे वाटतं तेवढं सोपं नसतं. १९९९ साली इंटरनेट एक्सप्लोरर ५ नी ही पद्धत सुरू केली, साइटच्या मुळाशी फॅविकॉन डॉट आयको नावाची फाइल ठेवायची, ब्राउझर ती उचलणार. मी पण पहिल्यांदा तेवढंच केलं, आणि जवळजवळ निम्मी बटनं कोरी आली. कारण आता बरेच जण पानाच्या हेडमध्ये, म्हणजे स्क्रीनवर न दिसणाऱ्या वरच्या भागात, लिंक टॅग नावाची ओळ टाकून आयकॉन कुठे आहे ते सांगतात, मग आधी पान आणा, तो टॅग शोधा, पत्ता अर्धवट असेल तर पूर्ण करा आणि मग फाइल आणा. त्यात काही सर्व्हर असे डांबिस की फाइल नसली तरी ४०४ म्हणजे सापडली नाही असं न सांगता २०० म्हणजे सगळं ठीक म्हणून आपलं एरर पेज पाठवतात, ते इमेज म्हणून उघडायला गेलं की डॉट नेट, म्हणजे मी अॅप ज्यावर लिहिलंय ती मायक्रोसॉफ्टची प्रणाली, म्हणतं पॅरामीटर इज नॉट व्हॅलिड, आणि तुम्ही शोधत बसा कुठला पॅरामीटर. म्हणून मी पहिले चार बाइट तपासायला लागलो, ०० ०० ०१ ०० असले की आयको फाइल, ८९ नी सुरू झालं की पीएनजी, म्हणजे दुसऱ्या प्रकारची इमेज, ३सी म्हणजे एचटीएमएल पान सुरू होतं तो < कोन, तो दिसला की सरळ फेकून द्यायचं. शिवाय सगळे आयकॉन विंडो उघडताना एका दमात आणायचो, नेट स्लो असलं की अॅप नॉट रिस्पॉन्डिंग, तेही असिंक करून, म्हणजे विंडो अडकून न राहता चालेल असं, मागे टाकलं. आणलेले आयकॉन डिस्कवर ठेवायचे आणि सात दिवसांनी परत आणायचे. मला वाटलं झालं, आता कोणी काही बिघडवू शकत नाही.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला तात्यांचा फोन. "रे झिला, तुझी सगळी बटनां एकसारकी झाली. सगळ्यांका तेच तोंड. खंयचा खंयचा ता कळणा नाय, नि हय पंधरा माणसां उभी आसत."

मी चहा पीत होतो, शांतपणे म्हटलं, तात्या, सरकारी साइट आहेत ना, बऱ्याच जणांचा आयकॉन तो सिंहांचाच असतो, म्हणून तसं वाटतंय. हे खरंच आहे, त्यासाठीच मी त्या बटनांना वेगवेगळ्या रंगाच्या कडा दिलेल्या. तात्या काही बोलले नाहीत, व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. ४२ च्या ४२ बटनांवर एक निळा गोल आणि त्यात पांढरं काहीतरी वाकडं. रेल्वेच्या तिकिटाला तेच, लाइट बिलाला तेच, सातबाऱ्याला पण तेच.

लांबून स्क्रीन बघायचा प्रयत्न केला, दोनदा कनेक्शन तुटलं. शेवटी रेनकोट चढवला आणि कुडाळवरून बाइक काढली. हायवेवर ठीक होतं, पण नांदगाव तिठ्यावरून आत वळलो आणि जो पाऊस लागला की हेल्मेटच्या काचेतून पुढची एसटी पण दिसेना, पोचेपर्यंत दोन तास गेले. दुकानात गेलो तर तात्यांचा भाचा एकेका बटनावर माउस नेऊन नाव वाचत होता, बाहेर छत्र्यांची रांग, आणि एक काकी माझ्याकडे अशा बघत होत्या की त्यांच्या मुलाची अॅडमिशन मीच अडवलीय.

फोल्डर उघडला. ४२ फाइल, प्रत्येक बरोब्बर ११५० बाइट. आता गंमत बघा, ११५० आकडा बघून मला पहिल्यांदा काही वावगं वाटलंच नाही, कारण १६ बाय १६ चा ३२ बिटवाला आयको नेहमी एवढाच भरतो. ६ बाइट हेडर, १६ ची एक नोंद, ४० बिटमॅपच्या माहितीचे, १०२४ रंगांचे आणि ६४ पारदर्शक भाग दाखवणाऱ्या मास्कचे, करा बेरीज. मी दहा मिनिटं माझ्या चित्र काढायच्या कोडमध्येच शोधत बसलो, म्हटलं लूपमध्ये एकच व्हेरिएबल सगळीकडे जातोय की काय. मग एकदम ट्यूब पेटली की अरे यातल्या कितीतरी साइट पीएनजी देतात, मी स्वतः घरी बघितलेत, त्या पण ११५० कशा? दोन फाइल हेक्समध्ये, म्हणजे एकेक बाइटचा आकडा दिसेल अशा, शेजारी शेजारी लावल्या, पहिल्या बाइटपासून शेवटच्यापर्यंत सेम. म्हणजे कोड बरोबर दाखवत होता, डिस्कवरच एक आयकॉन ४२ वेळा येऊन बसलेला.

पण कोणाचा? मी स्क्रीनवर तो मोठा करून बघत होतो, तेवढ्यात मागून भाचा म्हणाला, "दादा, ह्यां चित्र मी सकाळीच बघलंय. केबलवाल्याच्या रिचार्जच्या पेजवर."

आणि खरंच. ब्राउझरची हिस्टरी काढली, ७ वाजून ५२ मिनिटं, नेट देणाऱ्या केबलवाल्याचं पान, आपला प्लॅन संपला आहे, रिन्यू करा. टॅबवर तोच निळा गोल. रात्री प्लॅन संपला होता, सकाळी दुकान उघडल्यावर अॅप सुरू केलं, नेमके सात दिवस भरले होते म्हणून माझं कोड आयकॉन आणायला निघालं. तात्यांनी दिलेली यादी मी जशीच्या तशी टाकलेली, सगळे पत्ते एस नसलेल्या, म्हणजे कुलूप नसलेल्या एचटीटीपीचे. एचटीटीपीला वाटेत कोणीपण अडवून दुसरीकडे वळवू शकतं, केबलवाल्याच्या बॉक्सनी प्रत्येक विनंती आपल्या रिन्यूच्या पानावर वळवली. डॉट नेटचा एचटीटीपी क्लायंट, म्हणजे नेटवरून पानं आणणारा भाग, असं वळवलेलं निमूट मान्य करतो, तुम्ही नको म्हणेपर्यंत. माझ्या कोडनी ते पान वाचलं, त्यात लिंक टॅग सापडला, आयकॉन आणला, पहिले चार बाइट तपासले, एकदम शुद्ध आयको, शाब्बास, ठेव डिस्कवर. ४२ वेळा. साडेआठला तात्यांनी यूपीआयनी पैसे भरले, नेट आलं, पण आयकॉन आता पुढच्या सात दिवसांसाठी पक्के. मी कचरा ओळखायची सगळी तयारी केलेली, आणि आला तो दुसऱ्याचा चांगला माल.

हातोहात आधी जुनी फोल्डर डिलीट करून परत आयकॉन आणले आणि रांग हलवली. मग मागच्या टेबलावर, झेरॉक्स मशीनच्या उबेला बसून दुरुस्ती. यादीत सगळीकडे आधी एचटीटीपीएस, म्हणजे कोणी मध्ये घुसलं तर साइटची ओळख पटवणारं सर्टिफिकेटच जुळणार नाही आणि विनंती फेल होईल, जे आपल्याला हवंच आहे. पान वळून वळून शेवटी कुठल्या डोमेनवर पोचलं ते बघायचं, भलतीकडे गेलं असेल तर थांबायचं. इथे मी आधी आयकॉनच्या पत्त्याला पण हीच अट घातली आणि पाच बटनं कोरी झाली, कारण काही साइट आयकॉन वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात, मग अट फक्त पानाला ठेवली. आणि सगळ्याच्या आधी विंडोज स्वतः वापरतं ती तपासणी, मायक्रोसॉफ्टची एक छोटी टेक्स्ट फाइल आणायची, तिच्यात मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट एवढेच तीन शब्द असतात, ते सोडून काहीही आलं तर समजायचं की मध्ये कोणीतरी बसलाय आणि आयकॉनना हातच लावायचा नाही, जुना असेल तो राहू दे. नावं पण परत आणली बटनाखाली, तात्यांना न विचारता. त्यांनी चष्मा वर करून बघितलं, पण त्या दिवशी काही बोलले नाहीत.

तीनच्या सुमारास भाच्याच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावून, मग वायर काढून, परत लावून सगळं तपासलं. निघताना तात्यांना समजावत होतो की तो निळा गोल कुठून आला, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मगे तेचा पण बटन घाल ना हय. दर म्हयन्याक शोधत बसूचा लागता."

घातलं. ४३ वं बटन, केबल रिचार्ज. त्यांच्याकडे १६ पिक्सेलचाच आयकॉन आहे, ३२ करून ताणल्यावर जरा धुरकट दिसतो.