परिक्रमेची वही आणि न वाळणारा शिक्का

नर्मदा परिक्रमेला निघायचं म्हटलं की बूट, सॅक, स्लीपिंग बॅग यांवर सल्ल्यांचा पाऊस पडतो. वहीचं विचारलं की उत्तर एकच: "कुठलीही घ्या हो, वहीत काय एवढं!" या "कुठलीही"पायी माझे तीन शनिवार आणि चार वह्यांचे पैसे गेले, म्हणून हे सविस्तर.

परिक्रमेत वहीला दोन कामं असतात. एक, रोजची टिपणं: किती चाललो, कुठे सदाव्रत (परिक्रमावासींना मिळणारा फुकट शिधा) मिळालं, पुढच्या गावात कोणाला भेटायचं. दुसरं, मुक्कामाच्या आश्रमांचे सही-शिक्के. ही दोन्ही कामं एका वहीत कोंबू नयेत, हे लवकर ठरलं. टिपणांची वही खिशात राहते, घामाने भिजते, भरली की स्पीड पोस्टाने घरी जाते. तिला किराणा दुकानातली ४० पानी वहीसुद्धा चालते. शिक्क्यांची वही शेवटपर्यंत जवळ राहणार आणि पुढच्या मुक्कामी दाखवावी लागणार. खरी निवड तिचीच.

आकारही पटकन ठरला. गोल शिक्का साधारण साडेतीन-चार सेंटिमीटरचा, आयताकृती पाच-सहाचा. ए-६ पानावर (१०५ × १४८ मिमी) गावाचं नाव आणि तारीख लिहायला जागा सोडून चार शिक्के आरामात बसतात. पायी परिक्रमेला चार-पाच महिने धरले तर दीडशे ते एकशे नव्वद शिक्के होतील. कागदाची एकच बाजू वापरायची, म्हणजे ४८ कागद पुरे. इथे एक घोळ असतो. दुकानातल्या "१०० पानी" वहीत कागद पन्नासच निघतात, कारण ते दोन्ही बाजू मोजतात.

यानंतर गाडी अडली ती कागदावर.

पहिली वही घेतली ती जाड, गुळगुळीत, क्रीम रंगाच्या कागदाची. दुकानदार म्हणाला, "काकू, शंभर जीएसएम आहे, फाउंटन पेनची शाईसुद्धा फुटत नाही. याहून चांगला कागद नाही." घरी आणून सोसायटीचा शिक्का मारून पाहिला. दहा मिनिटांनी बोट फिरवलं तर जांभळा पट्टा उठला. वही मिटून उघडली तर समोरच्या पानावर तोच शिक्का उलटा. बदलून द्यायला दुकानदार तयार नाही, कारण प्लॅस्टिक फाडलं होतं; आणि प्लॅस्टिक फाडल्याशिवाय कागद तपासू देत नाही. दुसऱ्या दुकानातही हेच. "तपासायचं असेल तर विकत घ्या." घेतल्या. एकूण चार.

कारण नंतर कळलं, आणि ते अगदी साधं आहे. स्टॅम्प पॅडची शाई पॅडवर सुकू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल असतं. त्यामुळे ती हवेने वाळत नाही, कागदाने शोषली तरच वाळते. फाउंटन पेनसाठी केलेल्या कागदावर शाई पसरू नये म्हणून त्याला मुद्दाम कमी शोषक केलेलं असतं. म्हणजे दुकानदार ज्या गुणाची तारीफ करत होता, तोच इथे दोष. आर्ट पेपरवर, म्हणजे लेप दिलेल्या चकचकीत कागदावर, तर शिक्का नुसता तरंगत राहतो. उलट शाळेच्या वहीचा ५४-५८ जीएसएम कागद शाई लगेच पितो, पण शिक्का पाठीमागे उमटतो आणि ओल्या हाताने पान फाटतं. जीएसएम म्हणजे फक्त एका चौरस मीटरचं वजन. कागद शाई किती पिईल हे तो आकडा सांगत नाही. एवढं वाक्य कोणी आधी सांगितलं असतं तर!

कागद शेवटी सापडला तो झेरॉक्सच्या रिममध्ये. सरकारी कचेऱ्यांत दिवसभर ज्यावर शिक्के पडतात तोच, ७५-८० जीएसएमचा. साधा मॅपलिथो (लेप नसलेला छपाईचा कागद) हाही चालतो. शिक्का मिनिटभरात वाळतो, मागे अंधूक सावली दिसते, पण ती बाजू आपण वापरणारच नाही.

मग वही बाइंडरकडून बांधून घेतली. ए-४ चे १२ ताव मधोमध कापायचे, चार-चार तुकडे एकात एक घालून दुमडायचे, की सोळापेजी सहा फर्मे (दुमडलेल्या पानांचे गठ्ठे) होतात. फर्मे धाग्याने शिवायला सांगायचं. नुसत्या गमाने चिकटवलेली वही पूर्ण उघडत नाही, कण्याजवळ कागद फुगतो आणि शिक्का अर्धाच उठतो. मधल्या पिनेच्या वहीची पिन गंजते. स्पायरल सपाट उघडते खरी, पण सॅकमध्ये तार वाकते आणि भोकांपाशी पानं सुटतात. व्यापाऱ्याची लाल चोपडी मोहात पाडते. तिच्या कापडाचा रंग ओल्या हाताला लागतो.

ए-४ पासून ए-६ करण्यात आणखी एक फायदा आहे. झेरॉक्सच्या कागदाचे तंतू बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे ए-६ वहीत ते कण्याला समांतर येतात आणि पान सहज पडून राहतं. त्याच कागदाची ए-५ वही केली तर तंतू आडवे येतात, पान ताठ उभं राहतं. खात्री करायची तर कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूने सहज वाकतो, घडी त्याच बाजूने हवी.

पुठ्ठा मात्र दोन्हीकडे कडक हवा, कारण शिक्का ओट्यावर, मांडीवर, कुठेही मारला जातो. कागदांचं वजन जेमतेम ६० ग्रॅम.

आता सुचेल तसं. वहीत टीपकागदाची एक पट्टी ठेवा, पॅड नुकतंच भरलेलं असेल तर उपयोगी पडते. शिक्क्याजवळ सही करायला आपलाच बॉलपेन पुढे करा. जेलची शाई कित्येकदा पाण्याने पसरते, आणि शिक्क्याची जांभळी शाई तर पसरतेच, म्हणून रोज पानाचा फोटो काढा. शिक्का पुसट असतो, तेव्हा गावाचं नाव आणि तारीख शेजारी स्वतः लिहा. शिक्का नसेल तिथे सही-तारीख घ्या.

वहीचे तीन भाग आधीच करून ठेवा. मैया (नर्मदा) उजव्या हाताला ठेवून ओंकारेश्वरहून निघालं की आधी दक्षिण तट, समुद्र ओलांडल्यावर उत्तर तट, अमरकंटकनंतर पुन्हा दक्षिण तट. त्या क्रमाने शिक्के राहिले की नंतर गोंधळ होत नाही.

आणि समुद्र ओलांडायला विमलेश्वरहून मिठीतलाईला जाणाऱ्या नावेत बसण्याआधी वही दोन झिप पिशव्यांत घालून सॅकच्या मधोमध ठेवा, वरच्या खिशात नको. वरच्या खिशात सकाळचे ओले कपडे असतात.