तळाची थंडाई

"मॅडम, भांगेच्या थंडाईचे पातेले एक, ओगराळे एक, पेलेही सारखेच, मग एक जण रात्रीपर्यंत गप्पा मारत बसला आणि दुसऱ्याला उचलून रिक्षात घालावे लागले, असे कसे?" होळी ते रंगपंचमी या पाच दिवसांत हा प्रश्न मला दरवर्षी कोणी ना कोणी विचारतेच. कधी जुने विद्यार्थी विचारतात, कधी आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले शेजारी. अलीकडे ज्यांची मुले अमेरिकेत किंवा कॅनडात शिकायला गेली आहेत असे आईवडीलही विचारू लागले आहेत. त्यांच्या प्रश्नात थंडाईच्या जागी गांजा घातलेले चॉकलेट किंवा जेलीच्या गोळ्या असतात, एवढाच फरक. मी पुण्यातल्या एका फार्मसी महाविद्यालयात अठ्ठावीस वर्षे औषधक्रियाशास्त्र शिकवले आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर देणे मी माझे काम समजते. जिन्यात उभ्याउभ्या दिलेले उत्तर अपुरे राहते, म्हणून ते एकदा सविस्तर लिहीत आहे.

आमच्या घरात हा प्रश्न पहिल्यांदा आला तो एका धुळवडीला. माझा भाचा तेव्हा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता. सकाळी अकराच्या सुमारास सदाशिव पेठेत एका मित्राकडे त्याने भांग घातलेल्या थंडाईचा एक पेला घेतला. सव्वाबाराला तो घरी आला, "मावशी, मला काही झालंच नाही," असे काहीसे हिरमुसून म्हणाला, आदल्या दिवशीच्या दोन पुरणपोळ्या भरपूर तूप घालून जेवला आणि मित्रांनी कडीच्या डब्यात घालून दिलेली उरलेली थंडाई, मी आतल्या खोलीत असताना, दोन पेले प्यायला. अडीच वाजता तो गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून बसला होता. ओठ कोरडे पडले होते, डोळे लाल झाले होते, आणि दर मिनिटाला तो मला विचारत होता, "किती वेळ झाला?" मी घड्याळ दाखवले तरी त्याचा विश्वास बसेना. ज्या मित्राने सकाळी त्याच पातेल्यातले दोन पेले घेतले होते, तो त्या संध्याकाळी क्रिकेट खेळत होता.

तो झोपल्यावर मी डबा घासायला घेतला. तळाशी बोटभर हिरवा साका बसलेला होता. कडेला जो हिरवट थर होता तो पाण्याच्या धारेने हलेना, आणि त्यावरून बोट फिरवले तर तो तुपासारखा निसरडा लागत होता. माझ्या उत्तराची सुरुवात त्या थरापासून होते. भांगेत नशा आणणारा मुख्य घटक म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, ज्याला सगळे टीएचसी म्हणतात. तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्निग्ध पदार्थांत विरघळतो. थंडाईत तो दुधाच्या सायीला, बदाम-खसखस-मगजाच्या वाटणातल्या तेलाला, पानांच्या चोथ्याला आणि भांड्याच्या कडांना धरून राहतो. म्हणून साखर जशी पातेलेभर सारखी पसरते तशी भांग पसरत नाही. न ढवळता वरून घेतलेला पेला आणि तळातला पेला दिसायला सारखे असले तरी त्यांतली मात्रा कितीतरी पटींनी वेगळी असू शकते. माझ्या भाच्याच्या वाट्याला आली ती उरलेली थंडाई, म्हणजे पातेल्याचा तळ.

हे केवळ घरगुती पातेल्यापुरते खरे नाही. जिथे गांजा घातलेले खाद्यपदार्थ कायद्याने विकले जात होते, अशा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि सिएटल या तीन शहरांतून घेतलेले ७५ पदार्थ प्रयोगशाळेत तपासून त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. वेष्टनावरचा टीएचसीचा आकडा प्रत्यक्षाशी जुळला तो फक्त १७ टक्के पदार्थांत. २३ टक्क्यांत लिहिल्यापेक्षा जास्त निघाले आणि ६० टक्क्यांत कमी. छापील लेबल असताना ही स्थिती असेल, तर हाताने वाटलेल्या गोळ्याची मात्रा कोण सांगणार?

पातेल्याच्याही आधी फरक पडतो तो झाडात. टीएचसी ज्या राळेत असते ती राळ बनवणाऱ्या सूक्ष्म ग्रंथी मादी झाडाच्या फुलोऱ्याभोवती सर्वांत दाट असतात, मोठ्या पानांवर विरळ असतात. म्हणून पानांची भांग सौम्य, फुलोऱ्याचा गांजा तीव्र आणि नुसत्या राळेची चरस त्याहून तीव्र, अशी उतरंड आपल्याकडे पूर्वापार ठाऊक आहे. परंतु पाने खुडताना फुलोऱ्यालगतची कोवळी पाने किती आली, यावर 'सौम्य' भांगेची ताकद सहज बदलते. पाने १९८५ च्या केंद्रीय अमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून भांग निर्धोक, असे बरेच जण मला सांगतात. कायद्यातली व्याख्या मात्रेविषयी काहीच सांगत नाही, आणि महाराष्ट्रात राज्याच्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आहेच.

पुढचा फरक आचेचा. ताज्या पानात टीएचसी जवळजवळ नसतेच; असते ते त्याचे आम्लरूप, आणि त्याने नशा चढत नाही. उष्णतेने त्या आम्लातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी तयार होते. वाळवताना आणि साठवताना हे थोडेथोडे घडते, शिजवताना वेगाने घडते. एका घरी पाने नुसती भिजवून पाट्यावर वाटली, दुसऱ्या घरी ती दुधात अर्धा तास उकळली आणि तिसऱ्या घरी तुपात परतली, तर पाने एकाच जुडीतली असली तरी तयार झालेले टीएचसी एकसारखे नसते.

इतके सगळे सारखे करून घेतले तरीही दोन माणसे सारखी होत नाहीत, हे आपल्या देशात फार पूर्वी नोंदवले गेले आहे. कलकत्ता मेडिकल कॉलेजातील विल्यम ब्रुक ओशॉनेसी या डॉक्टरांनी १८३८ साली संधिवाताच्या तीन रुग्णांना एकाच वेळी भांगेच्या राळेची सारखीच, म्हणजे एक ग्रेन (सुमारे ६५ मिलिग्रॅम), मात्रा दिली. एक जण काही तासांत बडबडू आणि गाऊ लागला, आणि रात्री असा निश्चल झाला की त्याचा हात जसा ठेवावा तसाच राहत होता. तिसऱ्यावर मात्र काहीच परिणाम दिसला नाही. चौकशी केल्यावर कळले की त्याला चिलमीतून गांजा ओढण्याची सवय होती. मी हे उदाहरण वर्गात दरवर्षी सांगत असे, कारण सवयीमुळे मेंदूतल्या ग्राहींचा, म्हणजे टीएचसी जिथे जाऊन चिकटते त्या रेणूंचा, प्रतिसाद कसा बोथट होतो ते त्यातून चटकन कळते. पुढे ब्रिटनमध्ये भांगेचा अर्क औषध म्हणून वापरात आला, पण बाटलीगणिक बदलणारी ताकद हे त्याचे कायमचे दुखणे राहिले आणि १९३२ मध्ये तो ब्रिटिश औषधकोशातून वगळला गेला. ज्या घटकाच्या मोजमापाअभावी हे घडले ते टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे झाले १९६४ साली, इस्राएलमध्ये, राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांच्या हातून.

आता शरीरात काय होते ते पाहू, कारण माझ्या मते खरे उत्तर इथे आहे. धूर ओढला की टीएचसी फुप्फुसांतून थेट रक्तात उतरते आणि काही मिनिटांत मेंदूपर्यंत जाते. खाल्लेले टीएचसी आधी जठरात थांबते, मग आतड्यातून शोषले जाते, आणि आतड्यातले रक्त आधी यकृतात जात असल्यामुळे त्याचा मोठा भाग तिथेच बदलून जातो. खाल्लेल्या शंभर भागांपैकी साधारण चार ते बाराच भाग मूळ रूपात रक्ताभिसरणात पोहोचतात. चार आणि बारा यांत तिपटीचा फरक आहे, हे लक्षात घ्यावे. शिवाय यकृतात जे बदलते ते सगळे निकामी होत नाही. त्यातून ११-हायड्रॉक्सी-टीएचसी हा पदार्थ बनतो, तोही नशा आणतो आणि मेंदूत सहज शिरतो. ओढलेल्या गांजात तो थोडाच बनतो, खाल्लेल्या भांगेत भरपूर बनतो. भांग 'वेगळीच चढते' असे लोक म्हणतात, त्यात तथ्य आहे.

हे काम यकृतातले सीवायपी२सी९ नावाचे विकर (एन्झाइम) प्रामुख्याने करते, आणि ते जन्मतःच सर्वांचे सारखे नसते. ज्यांना त्याचे एक मंद रूप आई आणि वडील दोघांकडून मिळालेले असते, त्यांच्या रक्तात तेवढ्याच मात्रेने टीएचसीचा एकूण भार सुमारे तिप्पट आढळला आहे. असा माणूस बाहेरून ओळखता येत नाही. फ्लुकोनॅझोलसारखे बुरशीवरचे औषध चालू असेल तर तेही या विकराला अडवते. उलट, रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांना भांगेमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. दारूबरोबर घेतल्यास दोन्हींचा त्रास वाढतो.

आणि जेवण. माझ्या भाच्याने तुपातल्या दोन पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या, त्या मी विसरू शकत नाही. तेलात विरघळवलेल्या शुद्ध टीएचसीच्या कॅप्सूल औषध म्हणून मिळतात, त्यांच्या चाचण्यांत असे दिसले की भरपूर स्निग्ध जेवणानंतर त्या घेतल्या तर परिणामाचा कळस सुमारे चार तासांनी लांबतो आणि रक्तात पोहोचणारे एकूण टीएचसी जवळजवळ तिपटीने वाढते. म्हणजे पोटभर जेवलेल्याला उशिरा चढते, आणि जास्त चढते. 'पोटात काही असले की लागत नाही' हा समज दारूवरून आला असावा; भांगेला तो लावणे घातक आहे.

एवढ्या सगळ्या कारणांत मला सर्वांत जास्त भीती वाटते ती या उशिराची. खाल्लेली भांग साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही जाणवू लागते, दोन ते चार तासांत कळसाला जाते आणि सहा-आठ तास, कधी त्याहून अधिक, टिकते. 'काही झालंच नाही' हे वाक्य बहुतेक वेळा पहिल्या तासाभरात उच्चारले जाते, आणि दुसरा पेला त्याच वाक्याबरोबर घेतला जातो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात २०१४ च्या मार्चमध्ये एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ६५ मिलिग्रॅम टीएचसी असलेल्या बिस्किटाचा सांगितल्याप्रमाणे एक तुकडा खाल्ला, अर्ध्या ते एक तासात काही जाणवले नाही म्हणून उरलेले सगळे खाल्ले, आणि त्यानंतर सुमारे अडीच तासांनी भ्रमिष्ट अवस्थेत चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून उडी मारली. तो वाचला नाही. गॅलरीचा कठडा धरून बसलेला माझा भाचाही एकोणीसच वर्षांचा होता.

कोणाला असा त्रास झाला तर ताक, लिंबू, चिंचेचे पाणी देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. त्याने तहान भागते, यकृताचे काम लवकर उरकत नाही. उलटी करवू नये, कारण गुंगीत ती श्वासनलिकेत जाऊ शकते. माणसाला एकटे सोडू नये, गच्ची-गॅलरीपासून दूर, मंद उजेडात, कुशीवर निजवावे. लहान मुलाने चुकून खाल्ली असेल, माणूस शुद्धीवर येत नसेल, छातीत दुखत असेल किंवा श्वास मंदावला असेल, तर १०८ ला फोन करावा आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. बाहुल्या फार विस्फारलेल्या, अंग तापलेले आणि त्वचा कोरडी असेल तर धोतऱ्याच्या बियांची भेसळ असू शकते. तेव्हा अजिबात थांबू नये.

त्या दिवशी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी फोनवर मला भाच्याची नाडी मोजत राहायला सांगितले होते. मी दिनदर्शिकेच्या फाडलेल्या पानामागे आकडे लिहीत गेले, आणि तो कागद अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. अडीच वाजता १३२. चारला १२६. सहाला १०८. रात्री नऊला ८८, आणि त्यापुढे माझ्या अक्षरात, 'किती वाजले हे विचारले नाही.'