आधी पाणी घालवायचं, मग परत आणायचं

इथे परदेशात आल्यापासून तुमच्यापैकी अनेकांनी विचारलंय, की तिकडे घरी नेमकं काय शिजवतेस? आज त्यातल्या एकाच पदार्थाबद्दल लिहिते, आणि जरा सविस्तर लिहिते, कारण तो माझ्या फार आवडीचा आहे. स्टेकचे, म्हणजे गोमांसाच्या जाड कापाचे, तुकडे तव्यावर खरपूस भाजायचे आणि लसूण-बटरच्या सॉसमध्ये घोळवायचे, एवढाच तो पदार्थ. साहित्य मोजकं, भांडं एकच, आणि शेगडीपाशी उभं राहायचं ते जेमतेम दहा मिनिटं. कामावरून उशिरा परतणाऱ्या माणसाला एवढ्या वेळात इतकं चांगलं जेवण क्वचितच मिळतं.

या पदार्थाच्या कृती जागोजागी मिळतात आणि त्या बहुतेक सारख्याच असतात. त्यांत एक गोष्ट मात्र क्वचितच स्पष्ट सांगितलेली असते: यात खरं काम आहे ते पाण्याचं. भाजताना पाणी पूर्ण घालवायचं असतं आणि सॉस करताना तेच थोडं परत आणायचं असतं. हे एकदा लक्षात आलं, की बाकी सगळ्या सूचना आपोआप जागेवर बसतात.

मांसापासून सुरुवात करू. दोघांसाठी अर्धा किलो पुरतं. दुकानात आयते चौकोनी तुकडे करून ठेवलेलं पाकीट दिसतं आणि हात तिकडेच जातो, पण ते बहुधा स्ट्यूसाठीचं (मंद आचेवर शिजवायच्या रश्शासाठीचं) असतं, म्हणजे जनावराच्या खांद्याचं किंवा पायाचं. त्या भागात कोलॅजन, म्हणजे मांस चिवट करणारं प्रथिन, भरपूर असतं. ते विरघळून मऊ व्हायला मंद आचेवर काही तास लागतात. चार मिनिटांच्या भाजण्यात ते मांस चिवटच राहणार. म्हणून अख्खा स्टेक आणायचा आणि घरी कापायचा. रिबआय, टेंडरलॉइन, सरलॉइन या कापांपैकी कोणताही चालतो. सरलॉइन घेताना मात्र आपण कोणत्या देशात आहोत ते लक्षात ठेवा, कारण ब्रिटनमध्ये ज्याला सरलॉइन म्हणतात तो अमेरिकेत स्ट्रिप म्हणून विकला जातो, आणि अमेरिकेतला सरलॉइन ब्रिटनमध्ये साधारणपणे रम्प म्हणून मिळतो. दोन्हीचे तुकडे चांगलेच होतात. फक्त रम्पवाला भाग थोडा जास्त चावावा लागतो. गोमांस चालत नसेल, तर मेंढीच्या मांडीचं बिनहाडाचं मांस घ्या. पुढची रीत अगदी तीच.

तुकडे साधारण तीन सेंटिमीटरचे करायचे. यापेक्षा लहान केले तर बाहेरून रंग येईपर्यंत आतून पार शिजून जातात. कापताना जाड चरबीची पट्टी आणि तो पांढरा चिवट पडदा काढून टाकायचा. बारीक पसरलेली चरबी ठेवायची, चव तिच्यातच असते.

आता पाणी. मांसाच्या वजनात साधारण सत्तर टक्के पाणीच असतं, आणि पृष्ठभागावर त्याचा पातळ थर कायम असतो. हा थर जोवर आहे तोवर त्या जागचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही, तवा कितीही तापलेला असो. तपकिरी रंग आणि खमंग वास येतो तो मायार प्रक्रियेतून. लुई कामीय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिचं वर्णन केलं: प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखरा उष्णतेने एकमेकांशी जोडल्या जातात आणि त्यातून चवीची, वासाची असंख्य नवी रसायनं तयार होतात. ही प्रक्रिया जोमाने सुरू व्हायला साधारण १४० अंश सेल्सिअस तरी लागतात. म्हणजे पाणी गेल्याशिवाय रंग नाही. आणि पाणी घालवणं स्वस्त नसतं! खोलीच्या तापमानाचं पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या जवळपास सातपट उष्णता त्याच पाण्याची वाफ करायला लागते. ही सगळी उष्णता तव्यातूनच जाणार. म्हणून तुकडे किचन पेपरने दाबून, एकेक बाजू उलटून कोरडे करायचे. हे काम कंटाळवाणं आहे, पण शेगडीवरच्या कुठल्याही कौशल्यापेक्षा त्याचा परिणाम मोठा.

मिठाचं वेळापत्रकही पाण्यावरच ठरतं. मीठ लावलं की पहिल्या काही मिनिटांत ते आतलं पाणी ओढून बाहेर आणतं आणि तुकडे ओले दिसायला लागतात. पाऊण तास गेला की तेच खारं पाणी पुन्हा आत शोषलं जातं, मीठही आतवर जातं. त्यामुळे एकतर भाजण्याच्या अगदी क्षणभर आधी मीठ लावा, नाहीतर निदान पाऊण तास आधी. मधली वेळ सगळ्यात वाईट. मला जमेल तेव्हा मी आदल्या रात्रीच मीठ लावून तुकडे ताटलीत न झाकता फ्रिजमध्ये ठेवते. फ्रिजमधली कोरडी हवा पृष्ठभाग आपोआप सुकवते आणि दुसऱ्या दिवशी पुसण्याचं काम निम्मं होतं. अर्ध्या किलोला साधारण पाच ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा चमचा सपाट भरून थोडं कमी. मिरपूड मात्र शेवटी, कारण इतक्या कडक तव्यावर ती जळते.

तवा बिडाचा किंवा जाड बुडाचा स्टीलचा हवा. नॉनस्टिक नको, त्याचा लेप एवढी उष्णता सहन करण्यासाठी नसतोच. इथल्या घरांत बहुधा विजेची शेगडी असते, आणि तिचा स्वभाव गॅसपेक्षा वेगळा आहे. ती सावकाश तापते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. म्हणून तवा मध्यम-मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं रिकामाच ठेवायचा, आणि आच कमी करायची असेल तेव्हा बटण फिरवण्यावर भरवसा न ठेवता तवाच उचलून बाजूला घ्यायचा. सुरू करण्यापूर्वी खिडकी उघडायची आणि पंखा लावायचा. धूर होतो, आणि छतावरची धुराची घंटा स्वयंपाकाचा धूर आणि आगीचा धूर असा भेद करत नाही.

तेल एक मोठा चमचा, रिफाइंड सूर्यफूल किंवा तत्सम. बटर आता अजिबात नको. बटरमध्ये साधारण ऐंशी टक्के स्निग्धांश, सोळा-सतरा टक्के पाणी आणि थोडा दुधाचा घन भाग असतो. तो घन भाग या तापमानाला काही सेकंदांत काळा पडून कडू होतो. तेलावर तरंग उठले आणि धुराची पहिली बारीक रेघ दिसली, की तुकडे सोडायचे. सगळे एकदम नाही, दोन घाण्यांत, आणि प्रत्येक तुकड्याभोवती बोटभर मोकळी जागा ठेवून. गर्दी केली की तवा थंड पडतो, तुकड्यांतून सुटलेल्या पाण्याची वाफ त्यांच्यामध्येच कोंडते आणि भाजण्याऐवजी ते स्वतःच्याच पाण्यात उकडतात. रंगही मग राखाडीच राहतो.

यापुढचा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण तो कानांनी करायचा असतो. तुकडे पडताच जोरदार चरचर ऐकू आली पाहिजे, आणि ती तशीच टिकली पाहिजे. आवाज मऊ होऊन बुडबुड सुरू झाली, तर समजायचं की पाणी जमतंय. दोन-तीन तुकडे लगेच बाहेर काढायचे आणि आच वाढवायची. चरचर नीट चालू असेल, तर हात लावायचा नाही. हे फार अवघड जातं, हलवावंसं वाटतंच. पण दीड मिनिट थांबलं की खालची बाजू गडद तपकिरी होते आणि जो तुकडा आधी तव्याला घट्ट धरून बसला होता तो स्वतःहून सुटतो. मग चिमट्याने उलटून दुसरी बाजू एक मिनिट, आणि उरलेल्या बाजूंना नुसता चटका. सहाही बाजू सारख्या तपकिरी करण्याचा हट्ट धरू नका; दोन बाजू खरपूस झाल्या की चव भरपूर येते, आणि आतला ओलावाही टिकतो.

इथे एका जुन्या समजुतीबद्दल सांगायलाच हवं. मांस आधी कडक भाजलं की बाहेरचा थर बंद होतो आणि रस आत कोंडला जातो, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. हा विचार युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ च्या सुमारास मांडला, आणि तो खरा नाही. तपकिरी थरातून पाणी सहज बाहेर येतं; तव्यातली ती चरचरच त्याचा पुरावा आहे. भाजायचं ते चवीसाठी. रस टिकतो तो आतलं तापमान वेळेवर थांबवल्यामुळे.

आणि तापमानाबद्दल अंदाजावर राहू नका. सुईचा छोटा डिजिटल थर्मामीटर ही माझ्या इथल्या स्वयंपाकघरातली सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. सुई तुकड्याच्या बरोबर मध्यभागी गेली पाहिजे. आतून गुलाबी, रसरशीत हवं असेल तर खायच्या वेळी ५५ अंशांच्या आसपास. ६५ च्या पुढे गेलं की तंतू आक्रसून पाणी बाहेर टाकतात आणि तुकडा कोरडा पडतो. अमेरिकेच्या कृषी खात्याची अख्ख्या मांसासाठीची शिफारस ६३ अंश आणि वर तीन मिनिटं विसावा अशी आहे. गरोदर बायका, लहान मुलं, वृद्ध माणसं पंगतीला असतील तर मी तीच पाळते. जंतू बहुधा मांसाच्या पृष्ठभागावर असतात आणि तिथे कडक भाजलं जातं, म्हणून अख्ख्या तुकड्याला थोडी मुभा मिळते. खिम्याला ती नाही, कारण दळताना पृष्ठभाग आणि आतला भाग एकत्र मिसळतो. ताटलीत उतरणारा लाल रस पाहून घाबरणाऱ्यांना सांगते, ते रक्त नसतं. ते पाणी आणि मायोग्लोबिन नावाचं स्नायूंमधलं प्रथिन असतं.

पहिला घाणा ५० अंशांच्या जवळ आला की ताटलीत काढायचा, मग दुसरा. बाहेर काढल्यावरही आतली उष्णता दोन-तीन अंश चढते, आणि पुढे गरम सॉसमध्येही थोडी भर पडणार असते.

आता पाणी परत आणायची वेळ. तवा शेगडीवरून उतरवा आणि मिनिटभर निवू द्या. त्याच्या बुडाला जो तपकिरी थर चिकटलाय तो अजिबात धुवायचा नाही, सॉसची अर्धी चव तिथेच आहे. चाळीस ग्रॅम बिनमिठाचं बटर त्यात टाकून तवा मंद आचेवर परत ठेवा. बटर वितळून फेसाळतं. हा फेस म्हणजे बटरमधल्या पाण्याची वाफ, आणि जोवर तो जोरात उठतोय तोवर बटर जेमतेम शंभर अंशांच्या आसपास असतं. लसणासाठी हाच सुरक्षित काळ. फेस खाली बसायला लागला, की तापमान झपाट्याने चढतं आणि लसूण बघता बघता करपतो.

लसूण चार-पाच पाकळ्या, सुरीने बारीक चिरलेला. किसलेला नको, तो तळाला चिकटून लगेच जळतो. चिरून पाच-दहा मिनिटं तसाच ठेवायचा; पाकळी कापली गेली की तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) ॲलिसिन नावाचं रसायन तयार करतं, आणि लसणाचा तो ओळखीचा तिखट वास त्याचाच. तव्यात पडल्यावर विकर उष्णतेने निकामी होतं, म्हणून जे व्हायचं ते आधीच होऊ द्यायचं. फेसात लसूण घातल्यावर अर्धं-पाऊण मिनिट पुरे. तो सोनेरी व्हायची वाट पाहू नका. कच्चा दर्प जाऊन गोडसर वास सुटला की तिथेच थांबा.

लगेच दोन-तीन मोठे चमचे पाणी, किंवा घरात असेल तर बिनमिठाचा स्टॉक (हाडं-भाज्या उकळून गाळलेलं पाणी). तवा पुन्हा चरचरतो, आणि लाकडी उलथन्याने खरवडलं की बुडाचा तपकिरी थर विरघळून येतो. आता तवा शेगडीवरून काढून गोल गोल हलवत राहा आणि फ्रिजमधून काढलेल्या गार बटरचा आणखी एक लहान तुकडा त्यात मुरवा. बटरमधली प्रथिनं आणि लेसिथिन त्या पाण्याला आणि स्निग्धांशाला एकत्र धरून ठेवतात, आणि तवाभर दाटसर, चमकदार सॉस तयार होतो. नुसतं वितळलेलं बटर तुकड्यांवरून ओघळून ताटलीत साचतं. हा सॉस तुकड्यांना लपेटून बसतो. वर तेलाचा तवंग दिसायला लागला, तर सॉस फुटलाय. त्यात चमचाभर गार पाणी घालून जोरात हलवलं की बहुतेक वेळा तो परत जुळतो.

शेवटी मिरपूड, लिंबाचे काही थेंब, चिरलेली पार्स्ली. तुकडे ताटलीत सुटलेल्या रसासकट तव्यात घाला, एकदाच खालीवर करा आणि लगेच वाढा.

उरले तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, आतलं सगळं कोरडं होतं. सॉस तेवढा चमचाभर पाण्याबरोबर मंद आचेवर वितळवा, शेगडी बंद करा, आणि गार तुकडे त्यात मिनिटभर घोळवा. फ्रिजमध्ये तीन दिवस चांगले राहतात. त्यापुढे मी ठेवत नाही.