इंटरव्ह्यूत "काही प्रॉब्लेम नाही" आणि कोपराखाली गुंडाळलेला टॉवेल

मी यूएक्स रिसर्च करते, म्हणजे लोक एखादं यंत्र किंवा सॉफ्टवेअर प्रत्यक्षात कसं वापरतात ते बघते, आणि गेले काही महिने सोनोग्राफी करणाऱ्या टेक्निशियन लोकांच्या मागे मागे फिरतेय. पहिल्या आठवड्यात नुसतेच इंटरव्ह्यू घेतले आणि तिथेच फसले. कामात त्रास काय होतो विचारलं की उत्तर ठरलेलं, "तसं काही नाही हो, सवय झालीय." वही जवळजवळ कोरी. मग एकीला म्हटलं मी फक्त कोपऱ्यात उभी राहते, पेशंटची परवानगी तुम्हीच घ्या, मी पडद्याच्या अलीकडून तुमचे हात तेवढे बघेन. ती म्हणाली, "बघा की, हातात काय बघायचंय पण?"

तर हातात हे दिसलं. उजव्या हातात प्रोब (मशीनचा अंगावर फिरवायचा भाग), तो पोटावर दाबून धरलेला, डावा हात मशीनच्या कीबोर्डवर, मान स्क्रीनकडे वळलेली. खोली अंधारी. डाव्या हाताने गेन (चित्राचा उजळपणा), डेप्थ (किती खोलवर बघायचं), फ्रीझ (चित्र थांबवणं), कॅलिपर (माप घेणं), लेबल, सेव्ह, आणि हे सगळं न बघता, कारण नजर स्क्रीनवरून हलवली की इमेज निसटते. पेशंट जाड असेल तर अजून जोर. खांदा शरीरापासून 30 अंशांपेक्षा जास्त लांब जाऊ नये असं एर्गोनॉमिक्सवाले सांगतात, पण बेडच्या पलीकडच्या बाजूची किडनी बघायची असेल तर तो जातोच. आणि कोपराखाली एक गुंडाळलेला टॉवेल. विचारलं हा कशाला, तर म्हणे "हा होय, हा असतोच." वेगवेगळ्या पाहण्यांत हे काम करणाऱ्यांपैकी 80 टक्क्यांहून जास्त लोक अंग दुखत असतानाच स्कॅन करतात असं निघालंय, आणि इथे दुखणं हा शब्दसुद्धा इंटरव्ह्यूत आला नव्हता.

जेलचं तर मी कधी मनातच आणलं नव्हतं. ग्लोव्हला जेल, त्याच हाताने ट्रॅकबॉल (कर्सर हलवायचा गोळा) फिरवला की जेल आत, मग ट्रॅकबॉल अडकायला लागतो, मग कर्सर मोजायच्या जागेच्या अलीकडे थांबतो. म्हणून करंगळीने ट्रॅकबॉल फिरवायची एक पद्धत तिने स्वतःच शोधून काढलीय आणि तिला ती पद्धत आहे हेच माहीत नाही, मी सांगितल्यावर स्वतःच्या करंगळीकडे बघत बसली.

पण सगळ्यात जास्त वेळ खातं ते स्कॅनिंग नाहीच. वर्कलिस्टमधून, म्हणजे मशीनवर येणाऱ्या पेशंटच्या यादीतून, पेशंट निवडला की नाव, नंबर आपोआप भरले जातात, ठीक. पण इमर्जन्सीतून पेशंट आला, तो अजून लिस्टवर चढलेलाच नाही, थांबायला वेळ नाही, मग नाव हाताने टाइप करा, एक आकडा चुकला की ती सगळी इमेज पॅक्समध्ये (हॉस्पिटलच्या इमेज साठवायच्या सिस्टिममध्ये) भलत्याच नावाने किंवा बेवारस पडून राहते आणि संध्याकाळी फोन येतो. वर मापं. मशीनवर मोजायचं, तेच आकडे कागदी वर्कशीटवर लिहायचे, मग तेच कुणीतरी रिपोर्टमध्ये टाइप करायचे. डायकॉम (मेडिकल इमेज आणि माहिती पाठवायची ठरलेली पद्धत) स्ट्रक्चर्ड रिपोर्टने मापं थेट रिपोर्टमध्ये जायला हवीत, सोय आहेच, पण मशीनवरचं लेबल आणि रिपोर्ट टेम्पलेटमधलं नाव जुळलं नाही तर रकाना रिकामाच राहतो, आणि दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा कोण विश्वास ठेवणार, माणूस कागदच काढतो. आमच्या टीमला वाटत होतं लोकांना फीचर माहीत नाही म्हणून वापरत नाहीत. छे! माहीत होतं, एकदा तोंडघशी पडले होते.

आणखी एक गोष्ट, हिचं वर्कफ्लोच्या आकृतीत खोकं कुठे काढायचं मला अजून कळलेलं नाही. पेशंट छताकडे बघत विचारते, "सगळं ठीक आहे ना?" टेक्निशियनला समोर दिसतंय, पण निदान सांगायचं काम डॉक्टरांचं. ती म्हणाली, "मी अजून फोटो काढतेय, रिपोर्ट डॉक्टर सांगतील," आणि त्याच आवाजात "श्वास रोखा" म्हणाली. त्या वेळी तिने एकच इमेज चार वेळा सेव्ह केली. मशीनचा लॉग, म्हणजे कोणतं बटण कधी दाबलं याची नोंद, नुसता बघितला असता तर मी याला चुकून दाबलेलं बटण म्हटलं असतं, नाही का?

स्कॅन चालू असताना "मोठ्याने विचार करा" (काम करता करता मनात येईल ते बोलून दाखवा) ही आमची लाडकी पद्धत अर्थातच बाद, पेशंट ऐकत असते. म्हणून मी हाताच्या हालचाली लिहून ठेवायचे आणि खोली रिकामी झाली की तेवढंच विचारायचे.

आता इंटरव्ह्यूच्या प्रश्नावलीतून "काय त्रास होतो" मी खोडून टाकलंय. पहिला प्रश्न असा आहे: कालचा शेवटचा पेशंट आठवा, बाहेर गेल्यावर तुम्ही आधी हात पुसलात, खांदा चोळलात की वर्कशीट उचललंत? कालच विचारला एकाला. तो म्हणाला, "खांदा," आणि मग वीस मिनिटं थांबला नाही.