हमादचा कांदा जेबेल अलीत

५ जून २०१७. रमजान चालू होता. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, बहरीन आणि इजिप्तने कतारशी संबंध तोडले. दुसऱ्या दिवसापर्यंत अमिरातीच्या बंदरांची परिपत्रकं आली: कतारला जाणारा वा तिथून येणारा माल हाताळणार नाही. नेमके तेव्हाच पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याच्या कांद्याचे ४० फुटी रीफर (थंड ठेवणारे कंटेनर) दुबईच्या जेबेल अली बंदराच्या यार्डात कतारच्या हमाद बंदराला जाणाऱ्या फीडरची, म्हणजे लहान जहाजाची, वाट बघत होते. आखातातलं राजकारण मला कळलं ते याच मालाच्या फायलीतून, म्हणून ती अजून डोक्यातून जात नाही.

न्हावाशेवाहून आमचा कतारचा माल तेव्हा थेट जात नसे. मोठं जहाज जेबेल अलीला उतरवायचं आणि लहान फीडर तो दोह्याजवळच्या हमाद बंदरात न्यायचं. बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीने माल घेतल्याच्या कागदावर) उतरण्याचं बंदर हमाद, म्हणजे माल हमादला पोचेपर्यंत जबाबदारी लाइनची, म्हणजे जहाज कंपनीची, असं व्यापारी समजतो. पण त्याच कागदामागे बारीक अक्षरात कलम असतं: पुढे जाणं अशक्य झालं, तर लाइन सोयीच्या बंदरात प्रवास संपला असं जाहीर करू शकते आणि पुढचा खर्च मालवाल्यावर. आमचा माल नेणाऱ्या लाइनने त्याच कलमावर बोट ठेवलं. रीफरचं विजेचं भाडं, यार्डाचं भाडं, डिटेन्शन (कंटेनर वेळेत परत न दिल्याचा आकार), सगळ्यांचं मीटर चालू. माल पाठवणारा वर्षानुवर्षं धंदा देतो, तरी अडचणीच्या वेळी लाइनचं कस्टमर सर्व्हिस ईमेलला ठरावीक मजकूर चिकटवून मोकळं होतं, याचा राग मला आजही येतो.

“साहेब, कांदा आहे हो, लोखंड नाही. कोंब फुटले की कोण घेणार?” व्यापाऱ्याचा फोन.

सौदा सीएनएफ होता, म्हणजे किमतीत जहाजाचं भाडं धरलेलं. कायद्याने बघितलं तर माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. प्रत्यक्षात दोह्याच्या व्यापाऱ्याने थोडा आगाऊ दिला होता, बाकी माल पोचल्यावर. त्यामुळे जोखीम पिंपळगावातच राहिली. सागरी विमा काढलेला होता, पण उशिराने झालेलं नुकसान त्यातून स्पष्ट वगळलेलं असतं. ईसीजीसीची (सरकारी निर्यात विमा कंपनीची) पॉलिसी असती, तर भारताबाहेर प्रवास अडल्याने वा वळवल्याने लागलेलं जादा भाडं त्यात बसलं असतं. कांद्यावाले ती सहसा घेत नाहीत. प्रीमियम वाचवतात.

शेवटी दुबईतच विकायचं ठरलं. त्यासाठी लाइनकडे मूळ बिल ऑफ लेडिंग जमा करून ठिकाण बदलायचा अर्ज, मॅनिफेस्टची (जहाजावरच्या मालाच्या यादीची) दुरुस्ती, न्हावाशेवाच्या कस्टम्सकडे कस्टम्स कायद्याच्या कलम १४९ खाली शिपिंग बिलात (निर्यातीच्या कस्टम्स कागदात) बदल, आणि ‘कतार’ लिहिलेल्या फायटोसॅनिटरी (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या) प्रमाणपत्राऐवजी नवीन. यातला एक कागद अडला की बाकीचे गोठतात. दुबईच्या मंडईत तेव्हा इतरांचाही अडकलेला माल उतरत होता. दर पडलेलाच मिळाला.

पुढचा माल ओमानमधून काढला. सोहार होर्मुझच्या सामुद्रधुनीबाहेर आहे, सलालाह तर पार येमेनच्या बाजूला. दोन्हीकडून हमादला फीडर लागले. ऑगस्टमध्ये मुंद्रा आणि न्हावाशेवाहून थेट सेवाही सुरू झाली. कोंडी करणाऱ्यांनी कतारला पर्यायी वाटा शोधायला लावल्या, एवढंच साधलं.

या सगळ्यात काय बंद झालं यापेक्षा काय चालू राहिलं ते बघण्यासारखं आहे. कतार आणि सौदीमधली अबू साम्राची जमिनीवरची सीमा बंद झाली आणि जेबेल अलीचा रस्ता तुटला, तेव्हा कतारमधल्या रास लफानचे हेलियमचे कारखाने काही आठवडे थांबले. पण डॉल्फिन पाइपलाइनमधून कतारचा गॅस अमिरातीला रोज सुमारे २ अब्ज घनफूट जातच राहिला. एकाने बंद केला नाही, दुसऱ्याने नाकारला नाही. ट्रम्प यांनी ट्विटरवर सौदीची बाजू घेतली आणि त्याच महिन्यात त्यांच्या सरकारने कतारशी एफ-१५ विमानांचा करार केला. कतारमधला अल उदैदचा अमेरिकी तळ हलला नाही. तुर्कस्तानने सैनिक पाठवले, इराणने हवाई मार्ग दिला. ५ जानेवारी २०२१ ला सौदीतल्या अल-उलात समेट झाला. कतारचे तुर्कस्तानशी आणि इराणशी संबंध कायम राहिले.

त्यामुळे २०२३ च्या मार्चमध्ये बीजिंगमध्ये सौदी-इराण हातमिळवणी झाली, तेव्हा ‘अरब आता चीनच्या गोटात’ हा टीव्हीवरचा गलका मला उथळ वाटला. अबू धाबीच्या खलिफा बंदरात चिनी टर्मिनल आहे आणि त्याच अमिरातीत अमेरिकी हवाई दल असलेला तळही आहे. कोणा एकाला निवडायची वेळ येऊ नये, यासाठीच ही राज्यं झटतात, आणि पुढेही झटतील असं मला वाटतं.

पुढचं भांडण मला रियाध आणि अबू धाबीत दिसतं, आणि ते नाकेबंदीपेक्षा नियमांतून जास्त खेळलं जाईल. जुलै २०२१ मध्ये सौदीने फ्री झोनमध्ये (करसवलतीच्या क्षेत्रात) बनलेल्या मालाची आखाती देशांमधली आयात शुल्काची सवलत काढली. ४० टक्क्यांपेक्षा कमी मूल्यवर्धन असलेला औद्योगिक मालही वगळला. २०२४ पासून सौदी सरकारी कंत्राटांसाठी परदेशी कंपन्यांचं प्रादेशिक मुख्यालय सौदीतच लागतं, थोडे अपवाद सोडून. जेबेल अलीच्या फ्री झोनमध्ये प्रक्रिया करून सौदीला माल पाठवणाऱ्याने उगमाचा दाखला आणि मूल्यवर्धनाचा हिशेब आधी तपासावा. आणि करारात दुसरं बंदर नावानिशी लिहून घ्यावं: माल अडला तर कुठे उतरवायचा, आणि तिथपासूनचं भाडं कोणी भरायचं.